वेगळी दावण

नेकनूर, हिरापूर, सिरसाळा ही बीड जिल्ह्यातील गावे जनावरांच्या बाजारासाठी नावाजलेली आहेत, आणि अशा बाजारातून कासरा हाती धरून निघालेला शेतकरी तिन्हीसांजेला घरी पोहोचला म्हणजे घरची लक्ष्मी नव्या बैलाच्या पायांवर पाणी घालते, कपाळाला कुंकू लावते, त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते, आणि मग तो बैल जुन्या जनावरांच्या शेजारी, त्याच दावणीला, त्याच गव्हाणीवर बांधला जातो. आपुलकीच्या या स्वागतात एक जुने भय दडलेले आहे. बाहेरून आणलेला जीव काही आठवडे निराळा ठेवावा, त्याचे खाणे, पाणी व शेण यांवर लक्ष ठेवावे, आणि नंतरच त्याला इतरांत मिसळू द्यावे, हा नियम आज शहरातील घरात गिनीपिगसारखा चिमुकला प्राणी पाळणाऱ्यालाही पशुवैद्य सांगतात. बीडच्या मुलखात मात्र या नियमाला मोठा आणि बराचसा दुःखद इतिहास आहे.

निजामाच्या अंमलात आजचे अंबाजोगाई मोमिनाबाद या नावाने ओळखले जाई. 1853 च्या तहानंतर हैदराबाद कन्टिन्जंट या नावाने जी फौज उभी राहिली, तिच्या घोडदळाची छावणी तेथे होती, आणि 1903 मध्ये ती फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन होईपर्यंत बालाघाटच्या त्या पठारावर रिसाल्याचे तबेले नांदत होते. घोडदळाला शत्रूच्या गोळीइतकेच भय असे ग्लँडर्सचे. नाकातून चिकट स्राव, कातडीवर गाठी व व्रण, आणि अखेर मृत्यू, असा हा रोग घोड्याकडून माणसालाही जडतो. त्यातही विशेष घातक गोष्ट अशी की, वरून धडधाकट दिसणारे जनावरही तो अंगात वागवीत असते. 1889 साली फ्रेंच वैद्य इसिडोर स्ट्राउस यांनी संशयित घोड्याचा स्राव नर गिनीपिगला टोचून रोग ओळखण्याची रीत दाखवली, पुढे दोनच वर्षांत रशियात मॅलिन या द्रव्याची चाचणी निघाली, आणि 1899 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात ग्लँडर्सविषयीचा कायदा झाला. एवढ्याशा प्राण्याच्या देहावर घोड्याचे भवितव्य ठरू लागले, हा प्रसंग मला पशुवैद्यकाच्या इतिहासातील फार अर्थपूर्ण वाटतो. कारण तेथूनच डोळ्यांना दिसणारे आरोग्य आणि खरे आरोग्य यांत भेद करण्याची शिस्त आली.

रयतेच्या गोठ्यावर मात्र वेगळीच आपत्ती कोसळत असे. गुरांत बुळकांडीची साथ शिरली की ताप, तोंडात फोड, दुर्गंधीयुक्त हगवण आणि काही दिवसांत मृत्यू, असा क्रम चाले, आणि एकेका घराची सारी दावण मोकळी होई. अशा वेळी गाव मरीआईला शरण जाई. रोग देवीच्या गाड्यात बसवून वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडण्याची जी प्रथा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती, तिच्यामागे एक खरे निरीक्षण होते: रोग चालत येतो, आणि त्याच्या येण्याजाण्याला सरहद्द असते. त्या निरीक्षणाचा वापर मात्र उलटा झाला. आपल्या शिवेतून काढलेले संकट शेजारच्या गावाच्या शिवेत जाऊन बसे, आणि तेथील लोक त्याला आणखी पुढे ढकलीत. गाडा पोचविणाऱ्यांना आपण अन्याय करतो आहोत असे वाटत नसावे, कारण सर्वनाशाच्या तोंडाशी माणूस आधी आपले घर पाहतो.

शास्त्राने उलट वाट धरली. 1889 मध्ये पुण्यात पशुरोगांच्या अभ्यासाची सरकारी प्रयोगशाळा निघाली, आणि चारच वर्षांनी ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलविण्यात आली. रोगजंतूंवर काम करायचे तर वस्तीपासून दूर, थंड व एकान्त जागा हवी, हे त्यामागील कारण. रोगाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने प्रथम स्वतःलाच विलग केले. पुढे तेथे तयार झालेल्या लसीने आणि 1954 पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेने बुळकांडी हटत गेली. हिंदुस्थानातील तिचा शेवटचा उद्रेक 1995 चा, आणि 2011 मध्ये ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

तरीही वेगळी दावण बीडच्या गोठ्यात रुजली नाही, आणि त्याचे खापर अज्ञानावर फोडणे मला अन्यायाचे वाटते. रिसाल्याकडे दुसरा तबेला होता, घोड्यांची निगा राखणारा साईस होता, आणि घोडा महिनाभर उभा राहिला तरी खाणेपिणे चालू ठेवण्याची तरतूद होती. कर्ज काढून बैल घेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे एकच छप्पर, एकच हौद, आणि तोंडावर आलेली पेरणी असते. अवर्षणात तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळांत आष्टी, पाटोदा, बीडकडील गावांतून चारा छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा निरनिराळ्या गोठ्यांतली जनावरे एकाच आवारात दिवस काढत होती. त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणे म्हणजे उपाशी ठेवणे झाले असते.

त्याहून मोठे मिश्रण दरवर्षी घडते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे बैलगाड्यांसह जिल्ह्याबाहेर पडतात, कारखान्याच्या पट्ट्यात कोप्या घालतात, तेथे चहूकडचे बैल एका तळावर येतात, आणि हंगाम संपल्यावर गावाकडे परततात. 2022 च्या पावसाळ्यात लम्पी हा गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग महाराष्ट्रभर पसरू लागला, तेव्हा सप्टेंबरात सारे राज्य नियंत्रित क्षेत्र ठरले, जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर निर्बंध आले आणि शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचण्याची मोहीम निघाली. चावऱ्या माश्या, डास व गोचिडे यांच्यामार्फत पसरणाऱ्या या रोगाला केवळ निराळ्या खुंटीने अडविणे शक्य नव्हते. गोठ्याची स्वच्छता, कीटकांचा बंदोबस्त, लस आणि अंतर ही सारी एकत्र हवी होती. ऊसतोडीचा हंगाम अगदी जवळ आला होता, आणि ज्याचा बैल गाठींनी भरला, त्याच्या डोक्यावर आगाऊ घेतलेली उचल तशीच राहिली. म्हणून आजारी वा नव्याने आणलेल्या बैलासाठी कारखान्याच्या तळावर राखीव जागा, पाण्याचा निराळा हौद, आणि तो बांधून असेल तितक्या दिवसांची काही भरपाई एवढी तरतूद झाली, तर वेगळी दावण बांधायला बीडचा गाडीवान तयार होणार नाही, असे मानण्यास मला कोणताही आधार दिसत नाही.