खासगी आणि दौलत : दोन स्पोर्ट्स गाड्यांची गोष्ट

आमच्या बारामती तालुक्यात नीरा नदीच्या काठी होळ नावाचं गाव आहे. सोमेश्वर कारखान्याच्या पट्ट्यातलं, उसाचं गाव. शाळेत मराठ्यांचा इतिहास शिकवताना मी मुलांना हमखास विचारायचो, "होळकर हे आडनाव कुठून आलं, सांगा बघू." मुलं इंदूर म्हणायची, महेश्वर म्हणायची. उत्तर आपल्याच तालुक्यात आहे म्हटल्यावर वर्गात जरा खळबळ उडायची. होळचे ते होळकर. मल्हारराव १६९३ साली होळला जन्मले, मामाकडे खानदेशात वाढले, आणि पेशव्यांच्या फौजेतून माळव्याचे सुभेदार झाले. हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. पण याच घराण्यात पुढे एक असा राजा झाला, ज्याच्या मोटारीची छायाचित्रं आजही जगभरातले मोटारवेडे पुन्हा पुन्हा पाहतात. हे मात्र आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. आज त्या गाडीबद्दल आणि तिच्या निमित्ताने आणखी एका गाडीबद्दल लिहायचं आहे.

त्याआधी अहिल्याबाईंची एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. होळकरांच्या कारभारात पैशाचे दोन कप्पे होते. एक दौलतीचा आणि दुसरा खासगीचा. दौलत म्हणजे राज्याचा वसूल. तो फौजेवर आणि कारभारावर खर्च व्हायचा. खासगी म्हणजे घराण्यातल्या स्त्रियांच्या हक्काचं स्वतंत्र उत्पन्न. काशी, गया, सोमनाथ, वेरूळ अशा ठिकाणी अहिल्याबाईंनी जी देवळं आणि घाट बांधले, त्यांचा खर्च या खासगीतून झाला. आपला पैसा कुठला आणि रयतेचा कुठला, हा भेद त्यांनी आयुष्यभर पाळला. १७९५ साली त्या गेल्या. खासगी आणि दौलत हे दोन शब्द तेवढे लक्षात ठेवा.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. १९२५ साली मुंबईच्या मलबार हिलवर बावला खून प्रकरण घडलं. त्याचे धागेदोरे इंदूर दरबारापर्यंत गेले आणि तिसऱ्या तुकोजीरावांना १९२६ साली गादी सोडावी लागली. त्यांचा मुलगा यशवंतराव तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याचं शिक्षण इंग्लंडमध्ये झालं, आणि १९३० साली राज्याचे पूर्ण अधिकार त्याच्या हाती आले. उंच, सडपातळ, अबोल आणि नव्या कलेचा विलक्षण शौकीन असा हा राजा. त्याने एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून इंदूरला माणिकबाग हा राजवाडा बांधून घेतला. कमानी नाहीत, नक्षी नाही, सगळं स्वच्छ, सरळ आणि आधुनिक. युरोपात नुकतंच जे येऊ घातलं होतं, ते इंदुरात आधी येऊन बसलं.

अशा माणसाची मोटारही तशीच असणार. १९३५-३६ च्या सुमारास त्याने अमेरिकेतल्या ड्यूझेनबर्ग कंपनीची एसजे ही गाडी घेतली. ड्यूझेनबर्ग हे जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले दोघे भाऊ, फ्रेड आणि ऑगस्ट. त्यांची गाडी १९२१ साली फ्रान्सची ग्रां प्री जिंकून आली होती. एसजेचं इंजिन आठ सिलिंडरचं, जवळपास सात लिटरचं, वर सुपरचार्जर बसवलेलं. कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा होता. मारुती ८०० चं इंजिन चाळीस अश्वशक्तीच्या आतबाहेर असायचं, त्यावरून काय तो अंदाज बांधा! चासी आणि इंजिन अमेरिकेतलं, पण वरचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यात बांधून घेतला. रंग केशरी आणि काळा. लांबलचक नाक, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, आणि एवढ्या मोठ्या गाडीत बसायला जागा मोजकीच. पुढे लाल आणि निळे दिवे होते, आत महाराज आहेत की महाराणी, हे त्यावरून कळायचं असं सांगतात.

या गाडीत मिळणारा आनंद नेमका कसला, असा मी विचार केला. सोय म्हणावी तर ती कुठल्याही साध्या मोटारीत जास्त असते. चार माणसं बसत नाहीत, सामान मावत नाही. पण आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आमच्याकडे शर्यतीचा बैल असतो. खिल्लार जातीचा, अंगाने आवळ, नजरेने तिखट. त्याला कुणी नांगराला जुंपत नाही, उसाच्या गाडीला तर नाहीच नाही. त्याचा खुराक वेगळा, गोठा वेगळा, त्याला फिरवायला माणूस वेगळा. वर्षातून मोजक्या वेळा तो काही सेकंद पळतो. आणि त्या काही सेकंदांसाठी मालक वर्षभर झिजतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ साली न्यायालयाने नवा कायदा मान्य केला. मधल्या सात वर्षांत शर्यत नसतानाही बैल सांभाळणारे शेतकरी होते. हिशेबाच्या वहीत हे बसत नाही. स्पोर्ट्स गाडीचंही तसंच आहे. ती गावाला पोहोचण्यासाठी नसते. तिच्यात बसल्यावर गावाला पोहोचूच नये असं वाटतं!

पण इतिहासाच्या मास्तराने पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. ड्यूझेनबर्गचे पैसे कुठल्या कप्प्यातले होते? संस्थानिकाच्या काळात या प्रश्नाला अर्थच नव्हता. राजाची तिजोरी आणि राज्याची तिजोरी यांच्यातली भिंत त्याच्या मनावर अवलंबून असायची, आणि प्रजेतल्या कुणाला उठून कोर्टात जाब विचारण्याची सोय नव्हती. यशवंतराव वाईट राजा होता असं मला म्हणायचं नाही. प्रश्न माणसाच्या चांगुलपणाचा नाही, विचारण्याच्या हक्काचा आहे.

पुढे काय झालं? ड्यूझेनबर्ग कंपनी १९३७ सालीच बंद पडली. म्हणजे गाडी अजून नवी होती, तोवर बनवणारेच राहिले नाहीत. त्याच वर्षी महाराणी संयोगिताराजे ऐन तारुण्यात वारल्या. १९४८ साली इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झालं. १९६१ साली यशवंतराव मुंबईत निवर्तले. १९७१ साली तनखे रद्द झाले. केशरी-काळी गाडी अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली आणि माणिकबागेतलं सामान १९८० साली मोनॅकोत लिलावात विकलं गेलं. राजवाडा मात्र उभा आहे. आज तिथे काय आहे माहीत आहे का? केंद्र सरकारच्या अबकारी आणि वस्तू व सेवा कर आयुक्तांचं कार्यालय! ज्या घरात ती गाडी उभी राहिली, तिथे आता कराच्या फायली उभ्या राहतात.

आणि कर म्हटलं की दुसरी गाडी आठवते.

वांद्र्याच्या पूर्वेला साहित्य सहवास ही मराठी लेखकांची वसाहत आहे. तिथे कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर राहायचे. जवळच उघड्यावरचं ड्राइव्ह-इन चित्रपटगृह होतं. लोक मोटारी घेऊन यायचे आणि मोटारीत बसूनच सिनेमा पाहायचे. तेंडुलकरांचा धाकटा मुलगा भावाबरोबर गॅलरीत तासन्‌तास उभा राहून त्या मोटारी बघत असे. हे खुद्द सचिननेच सांगितलं आहे. पुढे खेळायला लागल्यावर त्याने स्वतःच्या पैशाने पहिली गाडी घेतली ती मारुती ८००.

एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिनने कसोटीतलं एकोणतिसावं शतक ठोकलं आणि ब्रॅडमनशी बरोबरी केली. तेव्हा तो फियाटची जाहिरात करायचा आणि फेरारी फियाटच्याच छत्राखाली होती. त्या जुलैत भारतीय संघ इंग्लंडमध्ये असताना सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. लाल रंग, पाठीमागे ३.६ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, सुमारे ४०० अश्वशक्ती आणि वेग ताशी २९० किलोमीटरच्या पुढे. गॅलरीतल्या मुलाचं स्वप्न पुरं झालं.

पण भेट भारतात आणायची तर आयात शुल्क. गाडीची किंमत सुमारे ७५ लाख रुपये, आणि शुल्क १ कोटी १३ लाखांच्या घरात! २००३ साली सरकारने ते माफ केलं आणि देशभर वाद पेटला. आक्षेप असा होता की स्पर्धेत जिंकलेल्या बक्षिसाला सवलत असेल, पण कंपनीने दिलेल्या भेटीला कशी? शंभर कोटी लोकांचा लाडका असला म्हणून काय झालं, सामान्य माणूस भरतो तो कर त्याने का भरू नये? प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. शेवटी फियाट कंपनीने शुल्क भरलं आणि विषय मिटला.

तेव्हा अनेकांना हा वाद क्षुद्र वाटला होता. एवढ्या मोठ्या खेळाडूला एका गाडीवरून बोलायचं! मला तो वाद अभिमानाचा वाटतो. इंदूरच्या राजाला जे कुणी विचारू शकलं नाही, ते एका साध्या नागरिकाने देशाच्या सर्वांत लाडक्या माणसाच्या बाबतीत विचारलं. सचिनचं मोठेपण तसूभरही कमी झालं नाही. फक्त खासगी आणि दौलत यांच्यामधली भिंत राजाच्या मनातून निघून कायद्यात आली. सचिन दोषी होता असं नाही. त्याने सवलत मागितली, सरकारने दिली, लोकांनी हरकत घेतली. लोकशाही यालाच म्हणतात.

गाडी घरी आल्यावर तरी सुख निर्वेध होतं का? फेरारीचा भारतातला अधिकृत विक्रेता २०११ साली दिल्लीत आला. तोपर्यंत मोठी दुरुस्ती म्हणजे परदेशाकडे डोळे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला खरा, पण तिथेही वेगाची मर्यादा तेव्हा ताशी ८० किलोमीटर. म्हणजे खिल्लार बैल आणला आणि अंगणात बांधला! शहरात गर्दी, खड्डे, आणि गाडी ओळखून मागे धावणारे लोक. आपली फेरारी सचिन पत्नीलाही चालवू देत नाही, असं अंजलीताईंनी गमतीने सांगितल्याचं वाचलेलं आठवतं. ते मला खरं वाटतं, कारण शर्यतीच्या बैलाचा कासराही मालक कुणाच्या हाती देत नाही. २०११ साली सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. पुढच्याच वर्षी राजेश मापुसकर या मराठी दिग्दर्शकाचा 'फेरारी की सवारी' हा चित्रपट आला. एका साध्या कारकुनाने मुलापायी सचिनची फेरारी एका दिवसासाठी उचलली, अशी त्याची गोष्ट.

आमच्या जळोचीला आता बारामती नगरपरिषदेने पोटात घेतलं आहे. शेजारच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ ही इटालियन कंपनी तीनचाकी आपे आणि व्हेस्पा बनवते. इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी आणि व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. इटलीतून बारामतीला आली ती राबणारी मधमाशी. फेरारी अजून आमच्या रस्त्याला लागलेली नाही, पण स्वप्नं लागली आहेत. माझा एक जुना विद्यार्थी पन्नाशीला आला आहे. पुण्यात स्वतःचं वर्कशॉप आहे, मुलगी मार्गी लागली आहे. मध्यंतरी आला आणि म्हणाला, "सर, दोन दारांची, छत उघडणारी एक जुनी गाडी बघून ठेवलीय. लहानपणापासून मनात आहे. घरात कुणाला बोललो नाही. चुकतंय का माझं?"

आमच्या पिढीने चैनीला पाप मानलं. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेली आम्ही माणसं. पण मी त्याला नको म्हणालो नाही. म्हटलं, "अरे, आधी हिशेब मांड." मग आम्ही दोघांनी कागद घेतला. विमा दरवर्षी. टायरच्या कडेला चार आकडे असतात, त्यावरून ते कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनले ते कळतं. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर धोक्याचं. गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, म्हणजे आमच्याच उसाचा अंश, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते सोसेल का, हे जाणकाराला विचारायचं. गतिरोधक नियमाने दहा सेंटिमीटर उंच असावा, पण गावोगावी आपापल्या मर्जीचे उंचवटे आहेत. गाडीचं पोट किती खाली आहे, ते टेप लावून मोजायचं. आणि सगळ्यात वर लिहिलं : बायकोला विचारणे.

शेवटी मी त्याला अहिल्याबाईंचे दोन कप्पे सांगितले. घर, आजारपण, म्हाताऱ्या आईची व्यवस्था, कामगारांचा पगार ही तुझी दौलत. तिला हात लावायचा नाही, तिच्यावर कर्ज काढायचं नाही. हे सगळं भागून जे निव्वळ तुझं उरतं, ती खासगी. खासगीतून कुणी देऊळ बांधतं, कुणी बैल पाळतं, कुणी गाडी घेतं. त्याबद्दल तुला कुणी विचारू नये आणि तूही कुणाची लाज बाळगू नये.

त्याने गाडी घेतली की नाही, ते महत्त्वाचं नाही. घरी बोलला, एवढं मला कळलं. स्वप्न बघायला कुणाची परवानगी लागत नाही. पण ते कुणाच्या पैशाने पुरं होतंय, याचं उत्तर चारचौघांत देता आलं पाहिजे. होळच्या एका सुनेने अडीचशे वर्षांपूर्वी एवढी साधी शिस्त घालून दिली होती. तिच्या वारसाला तिचा कितपत उपयोग झाला, कोण जाणे. आपल्याला अजून होऊ शकतो.