माशाच्या मणक्याची कुळकथा

वरळी कोळीवाड्यात सुरमईची तुकडी पाडताना कोयता अडतो तो मधल्या काट्यावर. तुकडीच्या मध्यावरचा गोल मणका सोडवून, धुऊन पाहिला तर दोन्ही बाजूंनी खोलगट असतो, जणू दोन पोकळ शंकू टोकाला टोक लावून बसवलेत. सगळ्याच काटेदार माशांचा मणका साधारण असा. त्या खळग्यांत मऊ, बुळबुळीत गर असतो. गर्भावस्थेत कण्याच्या जागी जी लवचिक दोरी असते, तिचाच हा अवशेष.

हाच आकार माणसाच्या मुलाच्या पाठीत दिसला, तर ते दुखणे असते.

मणके असे खचवणारा जन्मजात ठिसूळ हाडांचा आजार जुना आहे. १७८८ मध्ये स्वीडनच्या ओलोफ याकोब एकमन याने एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्यांमधली मोडणारी हाडे आपल्या प्रबंधात नोंदवली. १८४९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हिलेम व्रोलिकने त्याला ‘ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा’ हे नाव दिले. पण त्यांच्या काळी जिवंत माणसाचा मणका पाहण्याची सोयच नव्हती. मोडलेले हात, वाकलेल्या मांड्या दिसत. पाठीला बाक का येतो ते कळत नसे. १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि पुढे आडव्या बाजूने काढलेल्या फोटोंत हे मणके उमटले: वरून खचलेले, खालून खचलेले, मध्ये चिंचोळे. जर्मन डॉक्टर त्यांना ‘फिशविर्बेल’, म्हणजे माशाचा मणका, म्हणू लागले. इंग्रजी पुस्तकांत तो कॉड माशाचा झाला. कॉड थंड अटलांटिकचा. आपल्याकडे सुरमईवरून तो ओळखता येतो.

नाव आकारावरून पडले, पण नाते त्याहून खोल आहे. माणसातही ती गर्भातली दोरी पूर्ण नाहीशी होत नाही; दोन मणक्यांमधल्या चकतीचा मऊ गाभा तिच्यापासूनच घडतो. एरवी कठीण मणका त्या गाभ्याला आवरतो. या आजारात हाडाचा सांगाडा धरणारे कोलॅजेन, बहुतेक रुग्णांत COL1A1 किंवा COL1A2 या जनुकांतल्या बिघाडामुळे, कमी तयार होते किंवा सदोष होते. मग चकतीचा गाभा वरच्या-खालच्या मणक्यात रुतत जातो. माशाला तो खळगा उपजतच असतो, पोहताना वळायला तो सोयीचा पडतो. मुलाला तो शरीराच्या भाराने पडतो. खचलेले मणके सगळीकडून सारखे खचत नाहीत, म्हणून कणा एका बाजूला झुकतो, पुढे वाकतो, छातीचा पिंजरा आखडतो आणि श्वास उथळ होतो. पाठीच्या बाकाची खरी भीती दिसण्याची नाही, फुप्फुसांची आहे.

म्हणूनच पाठीला आधार म्हणून बांधायच्या पट्ट्याची कथाही इथे सांगायला हवी. कोळीवाड्याच्या दक्षिणेला हाजी अली. फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये पोलिओग्रस्त मुलांसाठी मुंबईत उपचार सुरू केले, त्या कामातून पुढे हाजी अलीला मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. १९५५ मध्ये तिथेच अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. पोलिओत स्नायू दुबळे पडतात, पण हाड बाहेरचा आधार सोसते, म्हणून तिथे पट्टा चालतो. ठिसूळ हाडांच्या मुलाला तसाच घट्ट पट्टा बांधला, तर जोर कण्यापर्यंत पोचण्याआधीच मऊ फासळ्या दबतात. बाक वाढायचा थांबत नाही, छाती मात्र बिघडते. ‘पट्टा बांधला की पाठ सरळ होईल’ ही आशा या मुलांच्या घरी मनापासून बाळगली जाते, आणि तिथेच अमूल्य वर्षे निघून जातात.

त्या वर्षांत करण्याजोगे काही असते. १९९६ मध्ये इशिकावा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वयात येण्याआधीच सहा किंवा अधिक मणके माशासारखे झाले असतील, तर ५० अंशांहून मोठा बाक येण्याचा संभव बराच असतो. फोटोतले हे मणके नुसते मोजले, तरी पुढचा धोका कळतो! १९९८ मध्ये माँट्रियलच्या फ्रान्सिस ग्लोरिओंनी ३० मुलांना शिरेतून पॅमिड्रोनेट हे औषध दिले; हाडांची घनता वाढली, मणक्यांचा आकारही वाढला. औषध लवकर सुरू केले तर गंभीर प्रकारात बाक सावकाश वाढतो, तो थांबतोच असे नाही. वाढत राहिला तर सळ्या आणि स्क्रू घालून कणा जखडतात. मऊ हाडात स्क्रू धरावेत म्हणून काही ठिकाणी भोवती सिमेंट भरतात. धोका वेळीच कळावा म्हणून अशा मुलाचा हात मोडून प्लास्टर घालायला नेले, की पाठीचा आडवा फोटोही काढून घ्यावा. पाठ दुखत नसली तरीही.