दुरुस्तीतून झालेला बिघाड

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं आणि मालवण तालुक्यात वीज गेली ती कित्येक दिवस. एरवीही आचऱ्याला पावसाळ्यात वीज येते, जाते, पुन्हा येते. चालू संगणकाला हा खेळ सोसत नाही. फाईल लिहिली जात असताना वीज गेली, की मजकूर एकीकडे आणि त्याची नोंद भलतीकडे. मग सुरू होताच संगणक आधी आपली वही तपासतो. विंडोज ९८च्या दिवसांतला तो 'स्कॅनडिस्क'चा निळा पडदा अनेकांना आठवत असेल.

ही तपासणी जुनी आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणाली घडत होती. सुरुवातीला बिघाड शोधायला सुटे प्रोग्राम होते. दुरुस्ती जाणकारानं हातानं करायची. टेड कोवाल्स्की यांनी 'एफएससीके' लिहून हे काम एका जागी आणलं. पुढं बर्कलीत कर्क मॅकुसिक यांनी त्यात भर घातली. बेवारस सापडलेल्या फाईली ठेवायला 'लॉस्ट अँड फाऊंड' नावाचा कप्पाही असतो. तपासणीपूर्वी डिस्क कुणीच वापरत नसावी, असा दंडक. आचरेकरांना हे वेगळं सांगायला नको! गावपळणीत माणसं गुराढोरांसह वेशीबाहेर राहतात, कौल मिळाल्यावरच परततात.

पण हा प्रोग्राम नोंदी जुळवतो. मजकूर खरा की खोटा, हे त्याला कळत नाही. सातबारा जुळला म्हणजे जमीन खऱ्या मालकाकडे गेली, असं थोडंच असतं? लिनक्सवरच्या रायझरएफएसची गोष्ट तर नमुनेदार. दुसऱ्या डिस्कची प्रत एखाद्या फाईलमध्ये ठेवली असेल, तर पुनर्बांधणी करताना तिचेही तुकडे मूळ डिस्कमध्ये मिसळत. कपाटातल्या जुन्या नकाशातल्या भिंती गवंड्यानं घरात बांधाव्यात, तसं! २००८ मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी लिनक्सचा नेहमीचा तपासनीसही कधीकधी चुकीची दुरुस्ती करतो, हे दाखवलं. २०१८ मधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आपल्याला जास्त जवळचा. दुरुस्ती चालू असतानाच पुन्हा वीज गेली, तर असा बिघाड होऊ शकतो, की तोच प्रोग्राम परत चालवूनही तो निघत नाही.

प्रोग्राम प्रश्न विचारतो आणि आपण वैतागून सगळ्यांना 'हो' म्हणतो, तिथंच घात होतो. जाणकार आधी काहीही न बदलता नुसती तपासणी करून पाहतात. मग डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतात, यंत्र यूपीएसवर ठेवतात आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करतात. मूळ डिस्क तोवर बाजूला काढून ठेवलेली असते.