सहा आठवड्यांचा अधिवास

परप्रांती नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना बिऱ्हाड हलविण्याची सवय असते. बदलीचा हुकूम हाती पडला की ट्रंका भरल्या जातात आणि कर्त्या पुरुषामागून सारा संसार चालू लागतो. कायद्यानेही पुष्कळ काळ हेच गृहीत धरले. पतीचा अधिवास तोच पत्नीचा, हे इंग्रजी विधितत्त्व १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातही नमूद आहे. पण पती परदेशी गेला आणि पत्नी मागे राहिली, तर ह्या तत्त्वाचे काय होते? त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१९५५ साली जालंदर येथे एक विवाह हिंदू विधीने झाला. दोन अपत्ये झाली. १९५९ च्या आरंभी पती शिक्षणासाठी अमेरिकेस गेला. पत्नी व मुले येथेच राहिली. १९६४ च्या अखेरीस त्याने नेवाडा राज्यातील न्यायालयाकडून घटस्फोटाचा हुकूमनामा मिळविला. सहा आठवड्यांचे वास्तव्य दाखविले की तेथे असा दावा लावता येत असे. इकडे पत्नीने पोटगी मागितली, तेव्हा ती आता पत्नीच नव्हे, असा बचाव पुढे आला. उच्च न्यायालयाने तो मान्य केला. पती नेवाडाचा अधिवासी, म्हणून पत्नीही तेथलीच! जिचा संसार इकडेच राहिला, तिला कायद्याने सातासमुद्रापलीकडे नेऊन बसविले.

ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड जन्माने पुण्याचे. नेवाडात कायम राहण्याचा पतीचा हेतूच नव्हता; खोटा अधिवास सांगून मिळविलेला हुकूमनामा येथे चालणार नाही, असे त्यांनी ठरविले. पुढचे पाऊल १९९१ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी टाकले. तिरुपती येथे १९७५ साली झालेला विवाह पतीने मिसूरीतील न्यायालयातून मोडून घेतला होता आणि दुसरे लग्नही केले होते. विवाह ज्या कायद्याखाली झाला, त्या कायद्याने अधिकार असलेल्या न्यायालयाचा आणि त्याच कायद्यास मान्य असलेल्या कारणावरचा घटस्फोटच येथे ग्राह्य धरावा, असा सर्वसाधारण नियम त्यांनी घालून दिला. दुसऱ्या पक्षाची खरीखुरी संमती असेल, तर मात्र अपवाद ठेवला. हे दोघेही न्यायमूर्ती मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीस गेलेले, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते.

मात्र ह्या निकालांनी पत्नीपण राखले. घराचा प्रश्न राहिलाच. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीचे धन पूर्णपणे तिचे झाले. पण पतीच्या नावावरील घरात केवळ विवाहामुळे तिचा अर्धा वाटा ठरत नाही. हिंदू विवाह कायद्याचे २७ वे कलम बोलते ते विवाहप्रसंगी मिळालेल्या, उभयतांच्या सामाईक वस्तूंविषयी. आणि घर परदेशी असेल, तर पेच अधिकच बिकट होतो. तेथील दाव्यात उतरावे, तर ते न्यायालय मान्य केले असा अर्थ निघण्याचे भय. न उतरावे, तर तेथील मिळकतीवरचे पाणी सोडण्याची पाळी.

ह्याच्या उलट उदाहरण आमच्या शेजारीच, गोमंतकात सापडते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे १८७० पासून अमलात आली. विवाहापूर्वी निराळा करार केला नसेल, तर उभयतांची मिळकत एक होते आणि प्रत्येकास अर्धा वाटा पोचतो. १९१० साली घटस्फोटाचा कायदा आला. १९६१ च्या मुक्तीनंतरही ही व्यवस्था चालू ठेवण्यात आली. एका गोमंतकीय गृहस्थाच्या मुंबईतील मिळकतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा गोव्याबाहेरील मिळकतीच्या वारशासही तोच कायदा लागू होतो, असा निर्णय २०१९ साली झाला. हा प्रश्न वारशाचा होता, हे खरे. तथापि माणसाने सरहद्द ओलांडली म्हणून घरच्यांचा हक्क मागे राहत नाही, एवढे त्यातून दिसले.

आमच्यापैकी कित्येकांच्या लेकी आज परदेशी नांदत आहेत. लग्न ठरविताना आम्ही पत्रिका पाहतो, शिक्षण पाहतो, पगारही विचारतो. त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी विचारण्याचा संकोच धरू नये: मुलाचा अधिवास कोठला, आणि घर कोणाच्या नावावर होणार?