थाइस : एक नाव, अनेक स्त्रिया

इ. स. पूर्व ३३० मध्ये पर्सेपोलिसचा राजवाडा जळाला. डायोडोरस आणि प्लुटार्क सांगतात की, मद्यपानाच्या मैफलीत अथेन्सची गणिका थाइस हिने अलेक्झांडरला त्यासाठी चिथावले. एरियनच्या इतिहासात मात्र या प्रसंगी तिचा उल्लेखही नाही. झर्क्सिसने अथेन्स जाळले, त्याचा अलेक्झांडरने जाणूनबुजून घेतलेला तो सूड ठरतो.

पुढे हे नाव गणिकेचे जणू सामान्यनामच झाले. टेरेन्सच्या इ. स. पूर्व १६१ च्या सुखात्मिकेतील गणिका थाइसच. दान्तेच्या नरकात दिसते ती हीच, नाटकातली. आनातोल फ्रान्सची कादंबरी (१८९०) आणि तिच्यावर आधारलेला मास्नेचा ऑपेरा (१८९४) यांची नायिका तर ख्रिस्ती आख्यायिकेतील, इजिप्तची पश्चात्तापदग्ध थाइस.

या गर्दीत अथेन्सची थाइस हरवली. ती पुढे टॉलेमीची सहचारिणी झाली, त्याच्या तीन अपत्यांची आई झाली. कन्या आयरीन सायप्रसमधील सोलीच्या राजाला दिली गेली. हे फारसे कुणी सांगत नाही. आम्हांला खटकते ते एवढेच : राजवाडा जाळण्याचा अधिकार राजाचा होता, स्मरणात मात्र मशाल तिच्या हाती राहिली.