दीर्घकाळ वीज नसताना घर कसे चालवावे

दि. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील अनेक गावांत त्यानंतर कित्येक दिवस, काही ठिकाणी तर कित्येक आठवडे, वीज नव्हती. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ च्या सुमारास, ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले, तेव्हा कोकणपट्टीत पुन्हा खांब मोडले, तारा तुटल्या. भारनियमनाच्या वर्षांत आपण वेळापत्रक पाहून तयारी करीत असू. वादळ वेळापत्रक देत नाही.

वीज जाताच अंधार सर्वांना दिसतो. पण घर अडते ते आधी पाण्यावाचून; आणि अनेकदा जीव धोक्यात येतो तो अंधारामुळे नव्हे, तर अंधार घालविण्यासाठी घाईने केलेल्या उपायांमुळे. म्हणून कोणती गोष्ट आधी सांभाळावी, याचा क्रम प्रत्येक कुटुंबाने ठरवून ठेवणे अगत्याचे आहे.

पाणी

पंप बंद पडला की इमारतीच्या गच्चीवरील टाकी काही तासांत रिकामी होते. आपत्तीच्या काळात माणशी दररोज किमान १५ लीटर पाणी लागते, असे मानले जाते. पाच जणांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी हे प्रमाण २२५ लीटर होते. म्हणजे एक मोठे पिंप आणि वर दोन बादल्या. वादळाची सूचना मिळताच ते भरून ठेवावे. पिण्याचे पाणी झाकणाच्या भांड्यात वेगळे ठेवावे. भांडी धुतलेले पाणी शौचालयासाठी वापरावे.

ज्यांच्या वाडीत विहीर आहे त्यांनी कप्पी, दोर व पोहरा सुस्थितीत ठेवावा. विहिरीत बसविलेला विजेचा पंप अशा वेळी निरुपयोगी ठरतो. वादळानंतर विहिरीचे पाणी गढूळ असल्यास ते निवळू द्यावे, गाळून घ्यावे आणि खळखळून उकळी आल्यानंतर किमान एक मिनिट उकळू द्यावे.

अन्न

फ्रिजचे दार वारंवार उघडू नये. दार बंद राहिल्यास फ्रिजमधील पदार्थ सुमारे चार तास सुरक्षित राहतात. स्वतंत्र डीप फ्रीझर पूर्ण भरलेला असेल तर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला असेल तर सुमारे २४ तास थंडावा टिकतो. मासळी, मटण, दूध व शिजविलेले अन्न प्रथम संपवावे. वास येत नाही म्हणून पदार्थ चांगला आहे, असे समजू नये. शंका आल्यास तो टाकून द्यावा. कोकणच्या उष्म्यात शिजविलेले अन्न एक-दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये. त्यापेक्षा एका वेळेपुरतेच रांधावे.

मिक्सर बंद असल्याने वाटणाचा पाटा-वरवंटा पुन्हा कामी येतो. पोहे, कडधान्ये, कांदे-बटाटे, आमसुले, सुकट व सुके बोंबील यांचा साठा असल्यास फ्रिजवाचून आठवडा निभावता येतो.

औषधे व रुग्ण

घरात मधुमेही व्यक्ती असल्यास इन्सुलिनची सोय आधी पाहावी. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी बहुधा ३० अंश सेल्सिअसच्या आत सुमारे चार आठवडे चालते; तरीही वेष्टनावरील सूचना वाचावी. त्याहून अधिक उष्मा असेल तर एका मातीच्या भांड्यात ओली वाळू घालून त्यात दुसरे लहान मडके बसवावे, कुपी कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आतल्या मडक्यात ठेवावी आणि वर ओले फडके झाकावे. इन्सुलिन थेट बर्फावर ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन वाया जाते.

विजेवर चालणाऱ्या प्राणवायू यंत्रावर ज्यांचा श्वास अवलंबून आहे, त्यांच्या घरी भरलेला सिलिंडर असणे आवश्यक आहे. तो संपण्याआधी कोणत्या रुग्णालयात जावयाचे, हेही आधीच ठरवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

उजेड, इन्व्हर्टर व जनरेटर

मेणबत्तीपेक्षा बॅटरी बरी. मेणबत्ती लावावीच लागली तर मच्छरदाणी व पडद्यांपासून दूर, पाणी घातलेल्या ताटलीत लावावी आणि झोपण्यापूर्वी विझवावी.

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॅट-तास वीज असते. प्रत्यक्षात हजार-बाराशेच हाती लागते. ७५ वॅटचा एक जुना पंखा आणि ९ वॅटचे दोन दिवे सतत चालविल्यास ती दहा-बारा तासांत संपते. म्हणून पंखा रुग्णाच्या किंवा बालकाच्या खोलीतच लावावा.

जनरेटर घरात, व्हरांड्यात किंवा बंद गॅरेजमध्ये कदापि चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो; झोपेतच माणसे दगावतात. बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीचाही धोका तोच. जनरेटर मोकळ्यावर, दारे-खिडक्यांपासून किमान सहा मीटर दूर ठेवावा. त्याची वायर घराच्या सॉकेटमध्ये खोचू नये. ती वीज उलट बाहेरच्या तारांत शिरते आणि तारा जोडणाऱ्या वायरमनचा प्राण घेऊ शकते.

वीज परत येताना

फ्रिज, दूरदर्शन संच, पंप यांची बटणे बंद ठेवावीत. एकच दिवा चालू ठेवावा. तो स्थिर उजळल्यावर उपकरणे एकेक करून सुरू करावीत. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नये. १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीस कळवावे. मोबाईलचा चार्ज राखून लघुसंदेश वापरावेत. मोबाईलचे मनोरे बंद पडल्यास बातम्यांसाठी सेलवर चालणारा लहान रेडिओच कामी येतो.

शेजारधर्म

वरच्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या वृद्धांना लिफ्ट बंद असताना पाण्याची एक बादलीही वर नेता येत नाही, आणि त्यांचा फोन बंद पडला तर कोणास कळतही नाही. आपल्या आळीत, आपल्या इमारतीत असे कोण आहे, याची यादी पावसाळ्यापूर्वीच करावी आणि त्यांच्याकडे सकाळ-सायंकाळ कोणी जावयाचे, हे तरुणांनी वाटून घ्यावे. आपले पिंप भरताना त्यांचेही भरले आहे ना, एवढे अवश्य पाहावे.