न दिसलेल्या दीर्घिकांचा हिशेब

दीर्घिका विश्वात एकसारख्या विखुरलेल्या नाहीत. त्यांचे पुंज, त्यांना जोडणारे तंतू आणि मधल्या विस्तीर्ण पोकळ्या मिळून विश्वाची महारचना होते. ती मोजण्यासाठी प्रत्येक दीर्घिकेचे आकाशातील स्थान आणि ताम्रसृतीवरून काढलेले अंतर यांची सूची लागते. मात्र सूचीत दिसणारी दाटी विश्वातली की निरीक्षणपद्धतीतली, हे आधी ठरवावे लागते. न्यू मेक्सिकोतील 2.5 मीटर दुर्बिणीने केलेल्या स्लोन सर्वेक्षणात हा प्रश्न स्पष्ट दिसतो.

तेथे दीर्घिका तीन कारणांनी सुटतात.

पहिले कारण तेजस्वितेचे. मुख्य सूचीत 17.77 प्रतीपेक्षा अंधुक दीर्घिका घेतल्या नाहीत, त्यामुळे ठरावीक अंतरापुढे ती विरळ होत जाते.

दुसरे उपकरणाचे. ॲल्युमिनियमच्या पट्टावर भोके पाडून 640 प्रकाशतंतू बसवत. दोन दीर्घिकांतले अंतर 55 कोनीय सेकंदांहून कमी असेल, तर एकाच पट्टावर दोघींना तंतू मिळत नसे. अशा सुमारे 6 टक्के दीर्घिका सुटल्या, आणि त्या प्रामुख्याने दाट पुंजांतल्या होत्या.

तिसरे आपल्या आकाशगंगेचे. तिची धूळ प्रकाश शोषते आणि ताऱ्यांच्या गर्दीत अंधुक दीर्घिका कमी सापडतात.

यावर दोन उपाय योजतात. सुटलेल्या दीर्घिकेचा भार शेजारच्या मोजलेल्या दीर्घिकेला देतात. शिवाय यादृच्छिक बिंदूंची दुसरी सूची रचतात. तिला सर्वेक्षणाच्याच सीमा आणि अंतरानुसार तेच विरळपण असते, फक्त महारचना नसते. दोन्ही सूचींतल्या जोड्यांची तुलना केली की उरते ती खरी रचना.

2005 साली 46,748 तांबड्या तेजस्वी दीर्घिकांच्या सूचीतून सुमारे 50 कोटी प्रकाशवर्षे अंतरावर जोड्यांचे किंचित आधिक्य आढळले. आदिविश्वातील ध्वनिलहरींची ती खूण. हे आधिक्य 1 टक्क्याच्या आसपासचे. घनतेत 10 टक्क्यांचे खोटे चढउतार राहिले, तर जोड्यांच्या सहसंबंधात त्यांच्या वर्गाइतकी, म्हणजे सुमारे 1 टक्क्याची, खोटी भर पडू शकते.

ॲरिझोनातील डेसी उपकरणात आता 5,000 यांत्रिक तंतू आहेत. दीर्घिका वाढल्या की यादृच्छिक त्रुटी घटते. निवडीतला दोष संख्येने घटत नाही. म्हणून सूची जितकी मोठी, तितका सुटलेल्यांचा हिशेब काटेकोर हवा.